पाणी माझ्याकडे, खत भाऊजींकडे

आमच्या घरात मक्याचं पाणी माझ्याकडे आणि खत भाऊजींकडे. ही वाटणी सासऱ्यांनी केली, आणि त्यांच्या मते फार हुशारीने केली. मोटरची किल्ली थोरल्या सुनेकडे, खताच्या खोलीची किल्ली धाकट्या मुलाकडे, म्हणजे दोघांना एकमेकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही. सासरे गेले आणि आम्ही विचारणंच सोडून दिलं.

आमचे हे लांबच्या कारखान्यात नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. त्यामुळे शेत, गोठा आणि भांडण, तिन्ही आम्हीच चालवत होतो.

यंदाच्या भांडणाचं कारण साधं होतं. मक्याला तुरे फुटले आणि नेमका तेव्हाच विहिरीने तळ दाखवला. तुऱ्यावर आलेल्या मक्याचं पाणी तोडू नये, हे मला कोणी शिकवायला नको. पण गोठ्यात दुभती जनावरं उभी होती, त्यांना प्यायला काय तुरे दाखवू? मी मक्याचा व्हॉल्व्ह बंद केला. भाऊजी तावातावाने आले, मी त्यांच्या दुप्पट तावाने बोलले, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. एका टेबलाशी जेवायला बसलो तरी मधे माझी जाऊ. "सांग तुझ्या नवऱ्याला, दूध पोचवायला उशीर होतोय." "सांग तुझ्या जाऊबाईंना, मला घड्याळ कळतं." धाकटी बिचारी सुरुवातीला खरंच निरोप पोचवायची. नंतर नुसती मान हलवायची, कारण दोघांनाही सगळं ऐकू येतच होतं.

माझ्या नाकावर टिच्चून त्यांनी त्या तहानलेल्या मक्याला युरिया टाकला. एकदा नाही, दोनदा. पाणी नाही तर नाही, मी खतावर आणून दाखवतो, असा तो तोरा. मला कोणी सांगितलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. मग वरच्या अंगाला पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं आणि मीही कोणाला न सांगता व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. बघता बघता मका काळाभोर हिरवा झाला. भाऊजी बांधावर उभे राहून मिशीत हसायचे. मी मनात म्हणायचे, हसा, पाणी माझं होतं. आणि कुट्टीचं मशीन आलेलंच आहे, परत कधी मिळेल कोण जाणे, म्हणून तो तसाच कापला, बारीक केला आणि मुरघासाच्या टाकीत भरला.

टाकी म्हणजे गोठ्यामागची विटांची गोल विहीरच म्हणा, निम्मी जमिनीखाली. हिरवी कुट्टी त्यात घालायची, तुडवून तुडवून हवा काढायची आणि वरून झाकायची, म्हणजे आत मुरून जनावरांचा बेगमीचा चारा होतो. भरलेली कुट्टी रातोरात खाली बसते. म्हणून दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिडीने उतरून ती सारखी करतं, पुन्हा तुडवतं आणि मग ताडपत्री घालतं. त्या सकाळी भाऊजी उतरले होते, तुडवून वर आले, चहा प्यायले. घसा खवखवतोय म्हणून त्यांनी धाकटीकडे गूळ मागितला, एवढंच.

मला पहिल्यांदा शंका आली ती वासरामुळे. टाकीच्या कडेला बांधलेलं वासरू मान खाली घालून खोकत होतं. जवळ गेले तर नाकाला झोंबणारा वास आला. पिण्याच्या पाण्याची टाकी धुताना ब्लीचिंग पावडर जास्त पडली की येतो ना, तसा. मुरघासाला आंबूस वास येतो, तो मला पाठ आहे. हा तो नव्हता. टाकीच्या तोंडातून आत डोकावले तर खाली कुट्टीवर पिवळसर-तपकिरी धूर पसरलेला, हलत नव्हता, वर येत नव्हता. त्या धुरात दोन चिमण्या मरून पडल्या होत्या. मी तोंडाला पदर लावून मागे सरले, वासराचं दावं सोडून त्याला लांब ओढलं आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर सावकाश बोलणारा माणूस. मी वासराचं सांगितलं, वासाचं सांगितलं, धुराचा रंग सांगितला. रंग ऐकून ते घाईघाईने विचारायला लागले.

"मक्याला मधे पाण्याचा ताण पडला होता का?"

"पडला होता."

"त्या ताणात युरिया टाकला?"

मी धाकटीकडे बघितलं. ती माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने मान हलवली आणि हळूच दोन बोटं दाखवली. युरियाचं मला तेव्हा कळलं.

"टाकला. दोनदा."

"मग पाणी दिलंत आणि लगेच कापलात."

"लगेच."

"अहो वहिनी, झाड तहानलेलं होतं तेव्हा खत मुळाशी पडून राहिलं. पाणी मिळाल्यावर झाडाने ते सगळं एकदम ओढून घेतलं, आणि ते पचवायच्या आत तुम्ही त्याची कुट्टी केली. ते आता टाकीत विषारी वायू होऊन बाहेर पडतंय. हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो. टाकीत कोणी उतरलं नाही ना?"

"दीर उतरले होते. सकाळी. पण ते ठीक आहेत, चहा प्यायलेत, चालताहेत."

"हेच तर वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी काही वाटत नाही. घसा खवखवतो, थोडा खोकला येतो, माणूस कामाला लागतो. काही तासांनी छातीत पाणी भरायला लागतं. मग श्वास मिळत नाही. अशी माणसं झोपेत गेलेली मला माहीत आहेत. ते हसत असले तरी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका. आणि पुन्हा कोणी टाकीत उतरता कामा नये."

मी फोन ठेवला. धाकटीचा चेहरा पांढराफटक झाला होता. आणि आम्ही दोघींनी वळून बघितलं तर भाऊजी खांद्यावर फावडं टाकून टाकीकडेच निघाले होते. एक बाजू अजून सारखी व्हायची राहिली होती.

धाकटी धावत सुटली. "अहो, उतरू नका! त्यात विषारी वायू आहे! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"गुरांच्या."

भाऊजी हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. "आणि त्यांना फोन कोणी लावला? जाऊबाईंनी. सांग त्यांना, मक्याला पाणी द्यायचं तेव्हा दिलं नाही, आता मुरघास तरी होऊ द्या. आज झाकला नाही तर सगळा सडेल."

त्यांचा एक पाय शिडीवर होता. मग मी ते केलं, जे मी इतके दिवस केलं नव्हतं. सरळ त्यांच्याशी बोलले. "भाऊजी, खाली उतरू नका. तुमच्या पाया पडते. आधी दवाखान्यात चला. आधी काही वाटत नाही, नंतर छातीत पाणी भरतं."

मला वाटलं, मी बोलले म्हणजे ते थबकतील. झालं उलटंच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बघा, कशी गोड बोलायला लागली. माझी प्रत्येक गोष्ट त्यांना डाव वाटत होती, आणि तसं वाटायला मी जागा ठेवलेली होती. त्यांनी दुसराही पाय शिडीवर ठेवला.

माणूस घाबरला की त्याला काय सुचेल सांगता येत नाही. मी जिथे उभी होते तिथेच मटकन खाली बसले. छातीवर हात ठेवला. "मी उतरले होते," मी म्हणाले. "तुमच्यानंतर. बघायला. मला श्वास घेता येत नाहीये, भाऊजी."

फावडं खाली पडल्याचा आवाज झाला. शिडीवरून ते कधी आले, मला कधी उचललं, छोट्या टेम्पोत कधी बसवलं, मला नीट आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की त्यांच्या तोंडावरचा सगळा तोरा उतरला होता आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काही होत नाही, वहिनी, काही होत नाही." मी धाकटीचा हात घट्ट धरून कुजबुजले, "कोणाला टाकीजवळ फिरकू देऊ नकोस. दवाखान्यात फोन कर, ऑक्सिजन तयार ठेवायला सांग." घरातून धावत आलेलं तिचं लहान पोर कडेवर रडत होतं. माझं नाटक तिला कळलं होतं, म्हणून तिने नवऱ्याला थांबवलं नाही.

टेम्पो रस्त्याला लागला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की आजारी माणसाच्या हातात मी स्टीअरिंग दिलं आहे.

मी खिडकीला डोकं टेकून कण्हत होते आणि अर्ध्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत होते. खोकला वाढला होता. आधी मधूनमधून येत होता, आता प्रत्येक वळणाला येत होता. कपाळावर घाम. समोरून दुधाचा टँकर आला तेव्हा टेम्पो रस्त्याच्या मधोमध होता. त्यांनी तो शेवटच्या क्षणी बाजूला घेतला. टँकरवाल्याने शिव्या हासडल्या.

"भाऊजी, थांबवा. मी चालवते."

"तुम्ही? तुम्ही गप्प पडून राहा."

"मला बरं वाटतंय."

"तुम्हीच म्हणालात ना, आधी बरंच वाटतं म्हणून." त्यांना एका वाक्याला दोन श्वास लागत होते. "बोलू नका, वहिनी. दम जाईल."

खरं सांगितलं तर ते टेम्पो वळवून परत टाकीवर जातील, या भीतीने मी गप्प बसले. आणि गप्प बसले तर ते कधीही डोळे मिटतील, ही भीती दुसऱ्या बाजूला. अशी मधे बसून मी त्यांची बोटं बघत राहिले. नखांचा रंग बदलत होता. आधी मला वाटलं सावली पडली आहे. मग नाक्यावर टेम्पो थांबला तेव्हा नीट बघितलं. निळसर झाली होती, आणि ओठही.

"मीच टाकलं," ते मधेच म्हणाले. "दोनदा. तुम्हाला दाखवायला." पुढचं खोकल्यात बुडालं.

मला रडू आवरत नव्हतं आणि ते त्यांना माझं दुखणं वाटत होतं, म्हणून ते टेम्पो आणखी जोरात हाकत होते.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. टेम्पो दारात थांबला. भाऊजी उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले, माझ्यासाठी दार उघडलं आणि तिथेच त्यांचे गुडघे वाकले. डॉक्टरीणबाई आणि नर्स धावत आल्या.

"पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांनी माझ्याकडे. दुसऱ्या वेळी याला कोणीही हसलं असतं. आमची रडायची वेळ होती.

त्यांना खाटेवर घेतलं, पाठीशी उशा देऊन बसवलं. आडवं केलं की ते गुदमरत होते. बाईंनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, त्यावरचा आकडा बघून त्या नर्सला म्हणाल्या, "सिलिंडर. लवकर." मोठ्या रुग्णालयाची गाडी त्यांनी आधीच बोलावली होती, पण ती यायला वेळ होता, आणि इथे भरलेलं सिलिंडर एकच होतं. दुसरं कोपऱ्यात रिकामं उभं होतं.

नर्सने मास्क तोंडाशी नेला. भाऊजींनी तो हाताने ढकलला.

"आधी वहिनीला."

"त्यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी तो चिमटा माझ्या बोटाला लावून त्यांना दाखवला. "बघा. यांचा श्वास उत्तम आहे."

"मीपण सकाळी उत्तमच होतो," भाऊजी म्हणाले. "तीही उतरली होती. नंतर होतं. तीच म्हणाली." आणि मास्क पुन्हा बाजूला. "सिलिंडर एकच आहे ना? मग तिला लावा. मी गाडी येईपर्यंत थांबतो."

"भाऊजी, मी उतरलेच नव्हते. खोटं बोलले मी. तुम्हाला इथे आणायला खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी प्रेमाने. "आता खोटं बोलताय," ते म्हणाले. "मला मास्क लावायला."

मी डोकं आपटायचीच बाकी होते. महिनाभर माझ्या खऱ्या गोष्टी या माणसाला खोट्या वाटत होत्या, आणि आयुष्यात एकदा धडधडीत खोटं बोलले तर ते त्यांनी घट्ट धरून ठेवलं. नर्सने हात धरून मास्क लावायचा प्रयत्न केला. भाऊजी झटापट करायला लागले, आणि झटापटीने श्वास आणखी लागायला लागला. "जबरदस्ती नको, दमवू नका त्यांना," बाई ओरडल्या. भाऊजींच्या घशातून घुरघुर येत होती. ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस आला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात एवढंच होतं, की तुम्हीच काहीतरी करा, वेळ नाही.

मग मी खाटेसमोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि बोलायला सुरुवात केली.

"मी उतरेन? तुम्ही भरलेल्या टाकीत? माझं डोकं फिरलंय का? तुमच्या त्या मक्याच्या एका पानाला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली होती मी. कुट्टी सुरू झाली तेव्हा मी दार लावून आत बसले, विचारा धाकटीला. आज सकाळी तुम्ही एकटे तुडवत होता तेव्हा मी कुठे होते माहीत आहे? गोठ्याच्या मागे, भिंतीला टेकून. पलीकडे तुम्ही होता. तुम्हाला खोकला आला, तो मी ऐकला. पुन्हा पुन्हा येत होता, सगळा ऐकला मी. एक हाक मारली नाही. का नाही मारली? बरं वाटलं मला! चांगली जिरतेय म्हटलं. देवा, याचा सगळा मुरघास सडू दे, असं म्हटलं मी. ऐकताय ना? तुम्ही आत विष ओढत होता आणि मी बाहेर उभी राहून खूश होत होते. अशी बाई तुमच्या मागून शिडीने उतरेल? अशा बाईसाठी तुम्ही सिलिंडर सोडताय?"

नर्स मास्क हातात धरून तशीच उभी. दारातून कोणीतरी पेशंट डोकावत होता. माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार, मला कशाची शुद्ध नव्हती. बोलून झाल्यावर कळलं की हे सगळं खरं होतं, शब्दन् शब्द, आणि मी ते मलाही आजवर सांगितलं नव्हतं.

भाऊजी माझ्याकडे बघत होते. आधी त्यांना ते पटलं नाही. मग हळूहळू पटत गेलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. मास्क ढकलणारा हात खाली गेला. नर्सने तोंडावर मास्क बसवला, पट्टा डोक्यामागे ओढला, सिलिंडरची चावी फिरवली. त्यांनी तोंड फिरवलं नाही, डोळे माझ्यावरच होते, आणि त्यात राग होता. चांगला ठणठणीत राग.

"अशीच नजर ठेवा यांच्यावर," डॉक्टरीणबाई सुई टोचता टोचता म्हणाल्या, कोणाला ते कळलं नाही. "झोपू देऊ नका. गाडी येईपर्यंत जागं ठेवायचं."

त्यांच्या पापण्या जड होऊ लागल्या. चिमट्यावरचा आकडा वर सरकेना. मी पुन्हा बोलायला लागले. तहानलेल्या पिकाला युरिया टाकणाऱ्या शहाण्याबद्दल बोलले, माझ्या लग्नात सगळ्यांच्या आधी जेवायला बसले होते त्याबद्दल बोलले, माझी सायकल घेऊन गेले आणि चाक वाकवून आणली त्याबद्दल बोलले. जे तोंडात आलं ते. गाडी आली, त्यांना आत घेतलं, मी बरोबर चढले. गाडीतल्या मदतनिसाने मला गप्प बसायला सांगितलं, मी त्यालाही सुनावलं. आत मशीन वाजत होतं आणि भाऊजींचे डोळे मिटत होते. मी जोरात बोलले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आठी पडली की मला तेवढ्यापुरता धीर यायचा. मग ती विरायला लागायची आणि मी पुढचं भांडण काढायचे.